बाकड्याचं पूर्ण तिकीट

जुन्या करमणूक उद्यानात सहकुटुंब जायचं तर प्रत्येक घरातल्या एका तरी माणसाला बाकड्यावर बसावं लागतं. आमच्या घरात मी बसते, कारण मला मानेचा त्रास आहे, आणि सासूबाई बसतात, कारण त्यांचे गुडघे गेलेत. आम्ही दोघी एकाही पाळण्यात चढत नाही. तिकीट मात्र सगळ्या राइड्सचं घ्यावं लागतं. "मॅडम, बसा नाहीतर नका बसू, रेट सेमच आहे," असं खिडकीतला मुलगा सांगतो. माझी तक्रार या रेटबद्दल आहे.

बाकड्यावर आम्ही नुसत्या बसत नाही. प्रत्येक राइडपाशी पाटी असते की सुट्या वस्तू सोबत नेऊ नयेत. नियम योग्य आहे. रोलर कोस्टरवरून निसटलेला मोबाइल खाली कुणाच्याही डोक्यात बसेल. मग पाचजणांचे मोबाइल, चष्मे, चपला, ओले टॉवेल आणि भाऊजींचं पाकीट जातं कुठे? आमच्या मांडीवर. लॉकर आहेत, पण पार प्रवेशद्वारापाशी, भाडं वेगळं, अनामत वेगळी. "आई, तुम्ही बसा इथे, आलोच आम्ही पाच मिनिटांत," म्हणून जाऊबाई जातात, आणि पुढे रांगच पाऊण तासाची असते. उद्यानाचा नियम पाळला जातो तो आम्ही राखण करतो म्हणून. त्याचे पैसे आम्हाला मिळायला हवेत असं मी म्हणत नाही. निदान आमच्याकडून घेऊ नयेत.

बाकडं सिमेंटचं, भर उन्हात. सावली आहे ती आइस्क्रीमच्या स्टॉलपुढच्या खुर्च्यांवर, आणि तिथे ऑर्डर दिल्याशिवाय बसू देत नाहीत. घरचा डबा गेटवरच काढून घेतात. सासूबाईंना मधुमेह आहे, पोळीभाजी वेळेवर पोटात जावी लागते, हे सांगून उपयोग झाला नाही. आत पिझ्झा, मंचुरियन आणि गुलाबी सरबत मिळतं.

पुतण्याचं वेगळंच. साडेचार फुटांच्या वर पूर्ण तिकीट, म्हणून खिडकीपाशी तो मोठा ठरला. मोठ्या रोलर कोस्टरला चार फूट आठ इंच लागतात, म्हणून तिथे तो लहान ठरला. तो रडत बाकड्यावर आला, तेव्हा आम्ही तिघं झालो.

हे असंच असावं लागतं, असं कुणी सांगू नये. आपल्या जत्रेत आकाशपाळण्याचे पैसे बसणारा देतो. खाली भेळ खात बघणाऱ्याकडे कुणी पैसे मागत नाही. व्हिएन्नाच्या प्रातरमध्ये १८९७ सालचं महाचक्र अजून फिरतं आणि त्या बागेत शिरायला आजही तिकीट नाही. ज्या पाळण्यात बसाल त्याचेच पैसे. कोपनहेगनचं तिवोली १८४३ पासून चालू आहे. तिथे प्रवेशाचं तिकीट वेगळं, राइड्सचं वेगळं, आणि फुलं, वाद्यवृंद, नाटक या गोष्टी सुरुवातीपासून आहेत, म्हणजे पाळण्यात न बसणाऱ्या माणसाचाही तिथे विचार झालेला आहे. डिस्नेलँडमध्येसुद्धा १९८२ पर्यंत राइड्सची कुपनं वेगळी घ्यावी लागत. त्या डिस्नेलँडची कल्पना वॉल्ट डिस्नेला सुचली तीच मुळी बाकड्यावर. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्याच्या मुली चक्री घोड्यांवर फिरत आणि हा शेंगदाणे खात बसलेला असे. आईबापांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा हवी, असं त्याला तिथे वाटलं, असं तो स्वतः सांगे. शेंगदाणे त्याला आत नेऊ दिले होते, हेही मला नोंदवावंसं वाटतं.

निघताना मी तक्रारवही मागितली. पहिला रकाना 'राइडचे नाव' असा होता आणि तो भरल्याशिवाय तक्रार घेता येत नाही, असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. मी 'बाकडे' असं लिहिलं. खाली मागण्या लिहिल्या: न बसणाऱ्यांना फक्त प्रवेशाचं तिकीट, खिडकीपाशी आणि राइडपाशी उंचीचं एकच माप, आजारी माणसाचा डबा आत नेण्याची मुभा, आणि प्रत्येक मोठ्या राइडसमोर, राइड दिसेल अशा ठिकाणी, सावलीत पाठ टेकता येणारी बाकडी. सासूबाईंनी वही माझ्याकडून घेतली आणि त्याखाली आपलीही सही केली.