एवढं गेलोच आहोत तर: हिवाळी जयपूर सहलीची नियमावली

जयपूर हे नियोजन करून वसवलेलं शहर आहे, त्यामुळे तिथे नियोजनाशिवाय जाणं हा त्या शहराचा उघड अपमान होय. सवाई जयसिंहांनी १७२७ साली पाया घातला तेव्हा आधी आराखडा झाला, नऊ चौकड्या आखल्या गेल्या, रस्ते काटकोनात धरले गेले आणि मगच भिंती उठल्या. या आराखड्यामागचं डोकं विद्याधर भट्टाचार्य यांचं. हे गृहस्थ मूळचे आमेर दरबारातल्या हिशेबतपासणीच्या कामावरचे. इच्छुकांनी ही बाब ध्यानात ठेवावी. प्रत्येक मराठी कुटुंबात हिशेबखात्यातून निवृत्त झालेले एक काका असतातच आणि सहलीची सूत्रं त्यांच्याच हाती द्यायची असतात. इतर कोणी पुढे सरसावलं तरी शेवटी वही काकांकडेच जाते.

काकांची नियुक्ती झाल्यावर व्हॉट्सॲपवर ग्रुप काढावा. पहिल्या आठवड्यात त्यावर फक्त वर केलेले अंगठे येतात. त्याला सर्वानुमते मंजुरी समजू नये. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी 'नक्की कोण कोण येतंय?' असं विचारतं आणि तिथून खऱ्या चर्चेला तोंड फुटतं.

प्रथम तारीख. नाताळच्या सुट्टीत गेल्यास शाळा बुडत नाही, पण तोच विचार अर्ध्या महाराष्ट्राने आणि उरलेल्या गुजरातने केलेला असल्यामुळे आमेरच्या दरवाज्यात आपल्याच सोसायटीतले लोक भेटतात. साहित्य महोत्सव बहुधा जानेवारीत असतो. त्या दिवसांत हॉटेलांचे दर असे चढतात की साहित्यावरची उरलीसुरली श्रद्धाही उडावी. संक्रांतीला गेल्यास उत्तम. १४ जानेवारीला सगळं शहर गच्चीवर असतं, आभाळात पतंग आणि खाली फिणी, गजक. सोबत नेलेला तिळगूळ तिथल्या गजकापुढे काढू नये, तो परतीच्या गाडीत संपवावा.

आता एक बाब बसमध्ये मोठ्याने सांगण्यासारखी नाही, पण नियोजनकर्त्याला ठाऊक असावी. मराठी मंडळी घोळक्याने जयपूर बघायला आणि बाजार करायला गेली, ती इतिहासातली ठळक तारीख जानेवारीचीच आहे: १० जानेवारी १७५१. जयाप्पा शिंदे आणि मल्हारराव होळकर यांच्या छावण्या शहराबाहेर होत्या. त्यांच्यातले हजारो लोक नवं शहर पाहायला, देवळं करायला, खरेदीला तटाच्या आत गेले. भरदुपारी दंगल उसळली, दरवाजे लागले आणि आतल्यांपैकी बहुतेक परत आले नाहीत. महिनाभरापूर्वीच मराठ्यांच्या खंडणीच्या तगाद्याला कंटाळून सवाई ईश्वरीसिंहांनी स्वतःला संपवलं होतं, तेव्हा गावाच्या मनात काय साचलं होतं हे वेगळं सांगायला नको. याच ईश्वरीसिंहांनी बांधलेला सरगासूळी मिनार त्रिपोलिया बाजारापाशी आजही उभा आहे. तिथे काकांनी बोलायचं थांबावं. मग पुढे व्हावं.

कपडे. हा विषय वरवर साधा वाटतो, पण सहली मोडतात त्या यावरच. जयपुरात जानेवारीच्या पहाटे पारा आठ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी बाविसाच्या घरात. मुंबईकराला यातला पहिला आकडाच ऐकू येतो. मग माळ्यावरची बॅग खाली येते, डांबरगोळ्यांच्या वासाचे स्वेटर, कानटोप्या, लग्नात आहेर आलेली शाल आणि कोणाच्या तरी सिमल्याच्या सहलीतले हातमोजे बाहेर निघतात. सकाळी आठला मंडळी ध्रुवावर निघाल्यासारखी हॉटेलबाहेर पडतात. अकराला पहिला स्वेटर उतरतो. साडेअकराला प्रत्येकाच्या हातावर एकेक गाठोडं असतं आणि बाराला ती सारी गाठोडी घरातल्या सर्वांत धाकट्या जावयाच्या अंगावर जमा होतात. यासाठी नियम असा करावा: ज्याने स्वेटर काढला त्याने तो स्वतःच वागवावा. हा नियम ग्रुपवर लिहूनच घ्यावा, तोंडी नको. संध्याकाळी पाचनंतर कानटोपी न सापडणाऱ्याची तक्रार ऐकून घेऊ नये.

खाण्यापिण्याबाबत आत्याचा शब्द अंतिम. तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी ही सामग्री रेल्वेपुरती असं जाहीर केलं जातं, पण ती तिसऱ्या दिवशीही हॉटेलच्या खोलीत निघते, कारण दालबाटीतलं तूप दोन दिवसांत सर्वांना पुरेसं होतं. 'इथे साधा वरणभात मिळेल का?' हा प्रश्न प्रत्येक जेवणाला विचारला जाईलच. तो पहिल्या दिवशीच विचारून घ्यावा म्हणजे जिरा राइस आणि दाल तडका हेच वरणभात आहे हे लवकर मान्य होतं. प्याज कचोरी मात्र कोणाची परवानगी न घेता खावी, सकाळी, गरम असताना. आत्या पिण्याच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन घरून नेत असेल तर तिला हसू नये. सवाई माधोसिंह दुसरे १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी लंडनला गेले, ते चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल भरून घेऊनच. एकेकीत सुमारे ४,००० लिटर पाणी मावतं आणि त्यातल्या दोन सिटी पॅलेसमध्ये मांडून ठेवल्या आहेत. आत्याला त्यांच्यासमोर उभं करून एक फोटो काढावा. उरलेल्या सहलीत ती कुणालाच पाण्यावरून बोलणार नाही.

तिकिटांची बाब काकांसाठी. आमेर, हवामहल, जंतरमंतर, नाहरगड, अल्बर्ट हॉल वगैरेंचं मिळून एकत्रित तिकीट मिळतं आणि ते दोन दिवस चालतं. सिटी पॅलेस राजघराण्याकडे असल्यामुळे त्यात येत नाही, जयगडही येत नाही. हे काकांना आधी न सांगितल्यास ते सिटी पॅलेसच्या खिडकीवर फसवणुकीचा आरोप करतील आणि मागच्या रांगेतले त्यांच्या बाजूने होतील.

हवामहल पाहण्याची पद्धत अशी. १७९९ साली सवाई प्रतापसिंहांनी बांधलेली ही पाच मजल्यांची भिंत रस्त्यावरूनच पाहायची असते. आत शिरायचं तर मागच्या बाजूने जावं लागतं. त्यामुळे समोरच्या फुटपाथवर 'दरवाजा कुठाय?' म्हणत फेऱ्या मारणारं कुटुंब महाराष्ट्रातलं असण्याची शक्यता मोठी आहे. वरच्या मजल्यांवर पायऱ्यांऐवजी उतार आहेत, गुडघ्यांची तक्रार असलेल्यांना हे खास सांगावं. ९५३ खिडक्या मोजण्याचं काम मुलांना द्यावं, तेवढ्यात मोठ्यांचा चहा होतो.

जंतरमंतरला मात्र वेळ काढावा. मी सांगतो म्हणून काढावा. सम्राट यंत्र हे २७ मीटर उंचीचं दगडी घड्याळ आहे. त्याची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते, ती सरकताना डोळ्यांनी दिसते. इथे काका मनगटावरचं घड्याळ पाहतील आणि यंत्र मागे आहे असं जाहीर करतील. यंत्र बरोबर आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, जयपूर त्याच्या पश्चिमेला जवळपास सात अंश, आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटं. म्हणून नाताळात हे यंत्र आपल्या घड्याळापेक्षा सुमारे २७ मिनिटं मागे दिसतं. संक्रांतीला त्यात सूर्याच्या स्वतःच्या चालीतला फरक मिळून ३५ मिनिटांच्या वर जातं. हे काकांना पटवण्यात जो वेळ जातो तो वेळापत्रकात आधीच धरावा, अर्धा तास पुरतो. शेजारी राशिवलय यंत्रं आहेत, बारा राशींची बारा. प्रत्येकाने आपापल्या राशीपाशी फोटो काढायचा प्रघात आहे. ज्या घरात जन्मवेळेवरून वाद आहे त्यांनी तिथे न थांबता पुढे जावं.

आमेरला मराठी पर्यटक जरा ताठ होऊनच चढतो. डोक्यात पुरंदरचा तह असतो, १६६५चा, आणि तेवीस किल्ले. गाइड मिर्झाराजे जयसिंहांचं नाव घेईल तेव्हा काका घसा खाकरतील. आग्र्यात महाराज ज्यांच्या निगराणीत होते ते रामसिंह याच मिर्झाराजांचे पुत्र, हे काका गाइडला सांगतील. गाइडला ते ठाऊक असतं, तो फक्त ऐकून घेतो, कारण दर हिवाळ्यात त्याला ते शेकडो वेळा सांगितलं जातं. एवढंच पाहावं की मिर्झाराजे आणि शहर वसवणारे सवाई जयसिंह यांची गल्लत होऊ देऊ नये. मिर्झाराजे १६६७ साली बऱ्हाणपूरला वारले, जयपूरचा पाया त्यानंतर साठ वर्षांनी पडला. हा हिशेब सोपा आहे, तरीही दरवर्षी चुकतो. शीशमहालात मात्र पूर्ण शरणागती पत्करावी. तिथे उभं राहून 'मुगल-ए-आझम'चं ते गाणं इथलंच, असं कोणी म्हणालं तर म्हणू द्यावं. ते गाणं मुंबईत मोहन स्टुडिओतल्या सेटवर झालं होतं, पण भिंतींवरच्या त्या आरशांसमोर हा तपशील मांडणारा माणूस सहलीत नको असतो. जलमहाल रस्त्यावरूनच, तळ्याच्या काठून.

खरेदीसाठी बापू बाजार, जोहरी बाजार. रजई हलकी असते हे दुकानदार सांगतो आणि ते खरं असतं, फक्त एका रजईबाबत. सहा रजया हलक्या नसतात. भाव करताना बायकांनी निघून जाण्याचं नाटक करावं. पुरुषांनी ते करू नये, त्यांना कोणी परत बोलावत नाही. निळ्या पॉटरीचा चहाचा सेट सगळे घेतात आणि तो शोकेसमध्ये जातो. जयगडावरची जयबाण तोफही १७२०मध्ये ओतली गेली आणि युद्धात एकदाही डागली गेली नाही, तेव्हा या बाबतीत आपण राजेरजवाड्यांच्या बरोबरीचे आहोत.

इथवर नियोजन आलं की हमखास कोणीतरी ग्रुपवर लिहितं: 'एवढं गेलोच आहोत तर...' या चार शब्दांपासून सावध राहावं. त्यांच्यापुढे पहिल्यांदा अजमेर आणि पुष्कर येतात, मग खाटू श्याम, मग रणथंबोर, आणि शेवटी ताजमहाल, कारण आग्रा 'तिथून जवळच'. ते अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि जानेवारीच्या पहाटे धुक्यात समोरचा ट्रक त्याचा दिवा नाकापाशी आल्यावरच दिसतो. शिवाय ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, आणि काकांच्या वहीत आग्र्याचा दिवस शुक्रवारच असतो. दोन रात्रींत पाच गावं बसवणाऱ्याला विद्याधरांनी नोकरीवर ठेवलं नसतं.

हे सर्व ठरेपर्यंत नोव्हेंबर संपत आलेला असतो आणि मग रेल्वे आरक्षणाचा विषय निघतो. १ नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. मुंबईहून आणि पुण्याहून जयपूरला थेट गाड्या आहेत, पण नाताळच्या तारखांसाठी ते दार ऑक्टोबरातच उघडून भरूनही गेलेलं असतं. उरते ती प्रतीक्षायादी किंवा आदल्या दिवशीचं तात्काळ, वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला. त्या तासात ज्याच्या घरचं इंटरनेट चालेल तो जातो. तेव्हा ज्यांना खरोखरच जयपूर पाहायचं आहे त्यांना एकच विनंती: आधी तिकिटं काढा, मग ग्रुप काढा, आणि काकांना गाडी सुटल्यावर ग्रुपमध्ये घ्या.