दोन बिस्किटांवर थांबणारा माणूस

शुक्रवार पेठेत दोनच बिस्किटं खाऊन पुड्याला रबर लावणारा माणूस कुणाला आढळला, तर कृपया त्याला बसवून घ्यावं. पाकिटं छापणाऱ्यांनी सगळा हिशोब त्याच्याच नावावर मांडलाय.

हा सद्गृहस्थ दिवसाला बरोबर २,००० किलोकॅलरी खातो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत त्याचं रोजचं फॅट ६७ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि मीठ ५ ग्रॅम धरलंय. एका सर्व्हिंगमधून त्यातले किती टक्के पोटात गेले, ते पाकिटावर छापायचं. सर्व्हिंग केवढं, हे मात्र कंपनी ठरवणार. आणि कर्बोदकांपुढे टक्का छापायची सक्तीच नाही! भारतीयांचे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, असं आयसीएमआरची देशव्यापी पाहणी २०२५ मध्ये सांगून गेली. म्हणजे घर ज्याच्या जिवावर चालतं, नेमकं त्याचंच नाव रेशनकार्डातून गाळल्यासारखं झालं.

टक्का नाही तर नाही, १०० ग्रॅमचा आकडा बघावा. समजा त्यात कर्बोदकं ७० ग्रॅम आहेत आणि पुडा १५० ग्रॅमचा आहे. चहात बुडवत बुडवत पुडा संपवणाऱ्याच्या पोटात १०५ ग्रॅम गेली. त्याच ओळीखाली एकूण शर्करा आणि वरून घातलेली शर्करा वेगळी लिहिलेली असते. ती कमी दिसली की आपण खूश. उरलेला बराचसा स्टार्च असतो, आणि पचला की त्याचंही ग्लुकोजच होतं, हे पाकीट कशाला सांगेल?

पुढच्या बाजूला 'साखर घातलेली नाही' असं ठळक, मागे घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन. ते साखरेत मोजत नाहीत. कर्बोदकांत मात्र ग्रॅममागे ४ कॅलरी घेऊन बसलेलं असतं. 'मल्टिग्रेन'ची तीच कथा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणून पुढे ज्वारीचं कणीस डोलतं आणि मागे पहिला मान मैद्याचा.

मात्र ज्वारीची बाजू घेणाऱ्या आम्हा सोलापूरकरांनीही फार ताठ बसू नये. १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं ६८ ग्रॅमच्या आसपास, गव्हाच्या पिठापेक्षा कमी नाहीतच. ज्वारीत तंतू १० ग्रॅम आहेत हे खरं, पण 'डाएट आहे ओ' म्हणत चार कडक भाकरी मोडणाऱ्याला ते किती वाचवणार? शेंगाचटणी इथे निर्दोष सुटते: दाण्यांत कर्बोदकं १७ ग्रॅमच. तिच्यावरचा ४० ग्रॅम फॅटचा खटला वेगळ्या कोर्टात चालेल.

प्राधिकरणाला आमची नम्र सूचना: 'प्रति सर्व्हिंग'च्या शेजारी 'प्रति पुडा' असा एक रकाना घालावा. हुरड्याच्या दिवसांत शेतावर गेलेल्यांसाठी आणखी एक: 'प्रति आग्रह'.