मुक्कामाची गाडी

अमेरिकेत जुन्या बसला सुखाचं म्हातारपण लाभतं. जनरल मोटर्सनं १९५४ ते १९५६ या काळात ग्रेहाउंड कंपनीसाठी ‘सीनिक्रूझर’ नावाच्या १००१ दीडमजली गाड्या बांधल्या. त्यांतल्या काही पुढे हौशी लोकांनी घेतल्या आणि त्यांची घरं केली. आत पलंग, ओटा, फ्रीज, न्हाणीघर. जिथे चाळीसेक उतारू बसायचे, तिथे आता नवरा, बायको आणि कुत्रं.

हे कळल्यापासून आमच्या शिराळ्याच्या स्टँडवरच्या लाल एसटीकडे मी घर बघायला आल्यासारखा बघतो. मागच्या लांब बाकावर गादी छान बसेल. ड्रायव्हरच्या पाठीशी शेगडी. सामानाच्या फळीवर भांडी ठेवता येतील, पण वारणा खोऱ्यातल्या पहिल्याच वळणाला ती मांडीवर येतील.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे एसटीत मोकळी जागा दिसली की हात आपोआप रुमालाकडे जातो. त्यामुळे आपल्या पलंगावर रोज कुणाचा ना कुणाचा रुमाल पडलेला असणार. नागपंचमीला तर विचारूच नका. त्या दिवशी शिराळ्याला जादा गाड्या सुटतात आणि लाल रंग दिसला की माणसं पाटी न वाचता चढतात. आपण आत चहा उकळत असताना एखादी मावशी पिशवी ओट्यावर ठेवून विचारणार, “ही कोकरूडला जातीया न्हवं?” आणि नाही म्हणायची आपली छाती होणार नाही.

तसं बघितलं तर बसमध्ये राहायचं आपण कधीच शिकलोय. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. पुढे ती आडगावांपर्यंत पोचली. शेवटच्या गावातून पहाटेची गाडी सोडायची, तर ती रात्री तिथेच ठेवणं आलं. ही मुक्कामाची गाडी. देवळापाशी उभी राहते. एका बाकावर ड्रायव्हर आडवा, दुसऱ्यावर कंडक्टर, उशाला पैशाची बॅग. वारा फुकट, डासही फुकट. कुणाच्या घरून भाकरी-कोरड्यास येतं, कुणी पाण्याची कळशी आणून ठेवतं. बदल्यात गावाला तालुक्याच्या बातम्या, विसरलेलं औषध, इस्लामपूरला शिकणाऱ्या लेकाचा निरोप. पहाटे दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी दारात हजर. अंथरूण गुंडाळलं की घराची पुन्हा बस होते.

२०२१ मध्ये राज्य सरकारनंही अशा फिरत्या घरांचं, म्हणजे कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलंच झालं. चांदोलीचं जंगल हाकेवर आहे, हौशी मंडळींनी जरूर यावं. पण मऊ गादी आणि गार हवा पैसे देऊन कुठल्याही गाडीत बसवून घेता येते. आपण उठायची सगळं गाव वाट बघतंय, ही चैन मात्र मुक्कामाच्या ड्रायव्हरलाच मिळते.

तेव्हा लिलावातली एखादी गाडी घेऊन कुणी घर केलंच, तर विनंती एवढीच: आमच्या गावात मुक्काम केलात तर दार आतून लावून बसू नका. आणि सकाळी कुणी ‘शिराळ्यापर्यंत सोडता का?’ असं विचारलं, तर जरा सरकून जागा द्या.