निकाल आधी, तपास मागाहून

'ट्रू डिटेक्टिव्ह' मालिकेच्या चौथ्या पर्वाच्या निमित्ताने प्रेक्षकांनी गुन्हे-तपासाच्या शास्त्रात जी क्रांती घडवली, तिची नोंद पोलीस प्रबोधिनीने घ्यायला हवी. १४ जानेवारी २०२४ रोजी एचबीओवर 'नाइट कंट्री' हे पर्व सुरू झाले. अलास्कातल्या संशोधन केंद्रातून आठ शास्त्रज्ञ बेपत्ता, मागे उरली एक कापलेली जीभ. हे कोडे सोडवायला जोडी फॉस्टरने साकारलेल्या तपास अधिकारी डॅनव्हर्सला सहा भाग लागले. जाणकार प्रेक्षकांनी पहिला भाग संपायच्या आत एक तारा देऊन फाइल बंद केली. पुरावा एकच, पण सज्जड: हे पर्व २०१४ चे पहिले पर्व नव्हते.

समीक्षकांनी तर भरभरून कौतुक केले, फॉस्टरला एमीही मिळाले, असा आक्षेप कोणी घेईल. पण समीक्षक भाग पाहून लिहितात, म्हणजे ते घटनास्थळी हजर होते. साक्षीदाराला न्यायाधीशाच्या खुर्चीत कसे बसवणार? निःपक्षपाती निवाडा न पाहणाराच देऊ शकतो. हीच पद्धत कोर्टांनी उचलली, तर तुंबलेले खटले आठवडाभरात निकाली निघतील: आरोपीचा थोरला भाऊ गुणी होता एवढे सिद्ध झाले, की धाकट्याला जन्मठेप.

एक किरकोळ बाब तेवढी राहते. कोणीही न पाहता धुडकावलेले हे पर्व मालिकेच्या इतिहासात सर्वाधिक पाहिले गेले. पाहणारे कोण, याचा तपास अद्याप लागलेला नाही.