वाघ्याची मालवाहतूक

दरेकसा स्टेशनातून हावडा-मुंबई मार्गावरच्या मालगाड्या रात्रंदिवस धडधडत जातात. पुढचं स्टेशन बोरतलाव, म्हणजे थेट छत्तीसगड. पण या भागातली सगळ्यात जुनी मालवाहतूक रुळांवरून होत नाही. तिला डबे, हमाल, तिकीट काही लागत नाही. एक केसाळ कुत्रा पुरतो.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर असा कुत्रा बाळगून आहेत. नाव वाघ्या. वाघासारखं त्याच्यात नावापलीकडे काही नाही. घरातलं मांजर आधी जेवलं तरी त्याची तक्रार नसते. कार्तिकात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, सालेकसा तालुक्यात अवेळी पाऊस पडला आणि बांध्यांत कापून पडलेल्या धानाच्या कडपा भिजल्या. शेतकरी आभाळाकडे बघत कपाळाला हात लावून बसले असताना मास्तरांना मात्र जंगल न्हाऊन निघाल्याचा आनंद झाला. पेन्शनीचा हा एक दोष आहे.

दोघं हाजरा फॉलच्या बाजूला निघाले. ऐन, मोह, तेंदू आणि बांबूचं जंगल, पायाखाली भिजलेली पानं. कोरडं असतं तेव्हा पापडासारखं वाजणारं पान आता नुसतं घसरत होतं. वाटेत एक गुराखी भेटला. त्याने मास्तरांकडे न बघता कुत्र्याकडे बघितलं.

"कुत्रा कायले आनला जी? बिबट्याले डबा पोचवून रायले काय?"

हा विनोद अभ्यासाला धरून होता. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशोबाने सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. मास्तरांनी दोरी हाताला दोन वेढे मारून आखूड केली. वाघ्याला शास्त्रीय वाङ्मयाची आवड नसल्याने तो झुडपात शिरलाच.

तिथे माल चढला. आधी आघाडा. गणपतीच्या पत्रीत मानाने बसणारं हे झाड कार्तिकात उभ्या दांडीवर टोकदार फळं धरून वाट अडवतं. घासून गेलं की फळं अंगावर. मग शंकेश्वर. त्याच्या काटेरी बोंडाला आकडे असतात आणि आत दोन बिया. एक लवकर रुजते, दुसरी मागे राखीव राहते. एवढी तजवीज मास्तरांच्या घराण्यात कोणी केली नव्हती.

सर्वांत खट कुसळ. त्याची लांब शेपटी ओल लागली की उलगडते, वाळली की पीळ घेते आणि या फिरण्याने टोकदार बी जमिनीत शिरतं. जमिनीचाच त्याचा आग्रह नसतो, कुत्र्याची कातडीही चालते. म्हणून फिरून आल्यावर पंजांच्या बेचक्या आणि कान आधी बघायचे. कुसळ आत घुसलं की गळू होतं.

१९४१ साली जॉर्ज दे मेस्त्राल हा स्विस इंजिनिअर आल्प्समधून शिकार करून परतला, तेव्हा त्याच्या कुत्र्याच्या अंगालाही अशीच बोंडं चिकटली होती. त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, आकडे बघितले आणि पुढे त्यातून वेल्क्रो निघालं. १९५५ साली पेटंटही मिळालं. मास्तरांनी वाघ्याला ओसरीवर आडवं करून हेच काम सुरू केलं. सूक्ष्मदर्शकाऐवजी वाचायचा चष्मा होता. वाघ्या निवांत होता. काढलेला माल मास्तर एकेक करून अंगणात भिरकावत होते.

"तिथं टाकू नका," आतून मास्तरीणबाई ओरडल्या. "चुलीत टाका. मागल्या साली वांग्याच्या वाफ्यात तेच उपटत होती मी!"