बोर्ड काढून टाक

तुमच्या गावातल्या तात्यांचं नाव वेगळं असेल, पान्हा तोच. आमच्या रावेरच्या तात्यांसमोर कुठलंही बंद पडलेलं यंत्र ठेवा, ते त्याला हलवतात, कानाशी नेतात आणि निकाल देतात, "बोर्ड काढून टाक. कशाले पाहिजे ते?"

माझ्या विहिरीवरच्या ऑटो स्टार्टरचं बोर्ड त्यांनी काढलं. आता रात्री एकला लाईट आली की मोटार आपोआप सुरू होत नाही; मी सुरू होतो आणि बॅटरी घेऊन केळीच्या बागेकडे चालू लागतो. शेजारच्यांच्या वॉशिंग मशीनचं काढलं. ते सुरू छान होतं, थांबत मात्र नाही. वहिनी प्लगवर हात ठेवून समोर बसतात.

गेल्या मे महिन्यात माझा भाचा पुण्याहून पेंटबॉलची जुनी बंदूक घेऊन आला. लोणावळ्याकडचा कुठलासा कॅम्प बंद पडला, तिथून भंगाराच्या भावात उचललेली. ही चीज मुळात झाडांवर, गुरांवर रंगाची खूण करायला अमेरिकेत निघाली. १९८१ साली न्यू हॅम्पशरच्या जंगलात बारा जणांनी ती एकमेकांवर रोखली आणि तिचा खेळ झाला. भाच्याचा बेत सातपुड्यातून केळीत उतरणाऱ्या वानरांना हुसकावण्याचा होता. "वानराले रंगवतो का रे? मारुती हाये तो," म्हणून तात्यांनी तो मोडला. बंदुकीवरून मात्र त्यांची नजर हलेना.

तिचं दुखणं साधं होतं. चाप ओढला की आत बारीक स्विच दबतो, बोर्ड सोलेनॉइडला क्षणभर करंट देतं, झडप उघडते आणि दाबाखालची हवा गोळी उडवते. कॅम्पवाल्यांनी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड भरला असावा. तो द्रवरूपात आत शिरला की सोलेनॉइड गचकतं. भाचा म्हणाला, "तात्या, नवं सोलेनॉइड ऑनलाइन मिळतं." तात्यांनी बंदूक कानाशी नेली. मी डोळे मिटून घेतले.

पुढचे तीन दिवस ओसरीवर कानस चालली. वेफर्सची पाकिटं भरायच्या मशीनमधून निघालेली, अंगठ्याएवढी हवेची झडप त्यांनी कुठूनशी पैदा केली. तिच्यासाठी मूठ आतून घासली. सायकलच्या तारेची कडी वाकवून चाप थेट झडपेच्या दांडीला जोडला: दाबला की हवा एका तोंडाने आत, सोडला की दुसऱ्या तोंडाने बाहेर. रबरी रिंगांना ग्रीस, आट्यांना टेफ्लॉन टेप. बोर्ड गेलं, बॅटरी गेली. चाप मात्र एवढा जड झाला की भाच्याला दोन बोटं लावावी लागली.

टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी जोडून, झडपेला सोसेल इतकाच दाब ठेवून चाचणी झाली. समोर पत्र्याचा ड्रम. जिलेटिनच्या त्या गोळ्या रावेरच्या ४५ अंशांत गुलाबजाम झाल्या होत्या. फुस्स! गोळी ड्रमवर आपटली, न फुटता टुणकन परत आली आणि तात्यांच्या वहाणेखाली फुटली. निळ्या पायाने उभे राहून तात्या म्हणाले, "चालली की नाही?"

तात्या पैसे घेत नाहीत, हा आणखी एक जाच. नाहीतर तक्रार तरी करता आली असती. आणि काढलेलं बोर्ड ते फेकत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. फळीवरच्या बिस्किटांच्या डब्यात एकेक बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, वर पेनाने मालकाचं नाव. उद्या कोणी मागितलं तर? माझंही होतं. मी मागितलं नाही, का कोण जाणे.

दिवाळीला त्यांचा मुलगा आला. तो पुण्यात गाड्यांची बोर्डं बनवणाऱ्या कंपनीत आहे. पाडव्याच्या सकाळी त्याची नवी कोरी गाडी सुरूच होईना. समोरच्या पडद्यावर लाल दिवा, आणि गल्ली सगळी तात्यांकडे बघत उभी. तात्या पान्हा घेऊन आले. बॉनेटला कान लावला. बराच वेळ लावला.

मला राहवेना. "काढायचं का, तात्या?"

"हात नको लावू," ते म्हणाले. "पोरानं करेल हाये ते."

मग गाडी लिंबाच्या सावलीत न्यायला आम्ही धक्का मारला. पान्हा लेंग्याच्या खिशात घालून तात्याही लागले.