50 तासांची मिसळ

शिक्षकाने वर्षाला निदान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत, असं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 सांगतं. शिक्षकांचं ‘निष्ठा’ प्रशिक्षण 2019 साली समोरासमोर सुरू झालं. कोरोना आला आणि ऑक्टोबर 2020पासून ते 18 भागांत ‘दीक्षा’ या ऑनलाइन मंचावर गेलं. आता म्हणे दोन्हींची मिसळ हवी. कल्पना झकास: वाचायचं ते मोबाईलवर, बोलायचं ते वर्गात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावसारख्या तालुक्यात मात्र गणित उलटं बसतं. रेंज सापडेल तिथे, समजा नागपूर–तुळजापूर महामार्गाच्या कडेला, गाडी लावून व्हिडिओ आवाज बंद ठेवून चालू करायचा. प्रश्नावलीची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच पोचलेली असतात. (सहकार्याने शिकणं यालाच म्हणत असावेत.) मग तालुक्याला जमायचं, तर सुलभक तोच व्हिडिओ प्रोजेक्टरवर लावतात.

लाइन गेली की मात्र गुरुजी बोलायला लागतात. एका खोलीत दोन वर्ग कसे सांभाळता? कापूस वेचणीच्या दिवसांत पोरं शाळेत कशी आणता? कुणीतरी उपाय सांगतं, कुणी वहीत टिपून घेतं. तेवढ्यात लाइन येते. “चला, फार वेळ वाया गेला,” म्हणत सुलभक व्हिडिओ मागे घेतात.